पापणी आणि पाणी

खोट्या पापण्यांवर कोणी चिंतन करावे, हे वाचून काही वाचकांच्या भुवया वर जातील. खुशाल जाऊ द्याव्यात. ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा मोडता मोडता सत्य-असत्याचा विचार करायचाच, तर तो हरिश्चंद्राच्या निमित्ताने करावा. डोळ्याला चिकटवायच्या चार केसांच्या निमित्ताने कशाला, असे कोणी विचारले तर ते साहजिक आहे. पण मला वाटते, मोठे प्रश्न मोठ्या ठिकाणी भेटले की आपण सावध असतो आणि ठरावीक उत्तरे देऊन मोकळे होतो. तेच प्रश्न एखाद्या क्षुल्लक वस्तूपाशी भेटले, म्हणजे मनाची खरी तारांबळ उडते.

ही वस्तू तशी फार जुनी नाही. १९११ साली ॲना टेलर नावाच्या कॅनेडियन बाईंनी अमेरिकेत कृत्रिम पापण्यांचे पेटंट घेतले. पण लोकांच्या नजरेत ती भरली चित्रपटामुळे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९१६ सालच्या ‘इन्टॉलरन्स’ या मूकपटात बॅबिलोनच्या राजप्रेयसीचे काम सीना ओवेन या नटीकडे होते. तिच्यासाठी टोप करणाऱ्या कारागिराने माणसाचे केस झिरझिरीत जाळीवर विणले आणि त्या पट्ट्या गोंदाने तिच्या पापण्यांवर बसवल्या. मूकपटातल्या माणसांना शब्द नव्हते. जे बोलायचे ते डोळ्यांनी. तेव्हा डोळ्यांचा आवाज थोडा चढवला, एवढाच त्याचा अर्थ. या सौंदर्याची किंमतही लगेच वसूल झाली. लिलियन गिश या त्या काळच्या नटीने आपल्या आठवणींत सांगितले आहे की, एके दिवशी सीनाचे डोळे सुजून जवळजवळ मिटलेच होते.

निसर्गाने पापणीच्या कडेला केस दिले, त्यामागे हेतू निराळाच होता. माणसाच्या वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात. त्यांनी धूळ अडवावी, वाऱ्याचा झोत बुबुळावरून थेट जाऊ देऊ नये आणि डोळ्याचा ओलावा राखावा, हे त्यांचे काम. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तेव्हा केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांश भरली. तेवढ्या लांबीला डोळा सर्वांत कमी सुकतो. केस त्याहून लांब झाले, तर ते वारा अडवण्याऐवजी डोळ्याकडे वळवू लागतात. म्हणजे खरी पापणी ही डोळ्यातल्या पाण्याची राखणदार आहे. आणि तिच्या या मानलेल्या बहिणीला भय आहे ते पाण्याचेच!

ते भय कसे, तेही पाहण्यासारखे आहे. पट्टीची पापणी बहुधा रबराच्या चिकापासून केलेल्या गोंदाने लावतात. कातडीवरचे तेल पुसून घ्यावे, पट्टीवर गोंदाची बारीक रेघ ओढावी, तो अर्धा-एक मिनिट सुकत येऊ द्यावा आणि मग पट्टी बसवावी, हा त्यातला साधा नियम. पुढे घाम सुटला की कातडी आणि गोंद यांच्यामध्ये ओलावा शिरतो, अंगचे तेल त्याला साथ देते, आणि बहुधा कडेच्या कोपऱ्यापासून पट्टी उचलू लागते. दुसरा प्रकार एकेका खऱ्या केसाला एकेक खोटा केस जोडण्याचा. त्याला सायनोॲक्रिलेट जातीचा गोंद लागतो. १९४२ साली कोडॅक कंपनीतले हॅरी कूवर हे बंदुकीचा नेम धरण्याच्या साधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते, तेव्हा हे द्रव्य त्यांच्या हाती आले. हे द्रव्य हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते. तरीही केस जोडून घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस डोळ्यांना पाणी लावू नका, असे बजावतात. थोड्या पाण्याने जे बांधले जाते, तेच फार पाण्याला भिते! म्हणून जाणत्या बायका सांगतात: घाम टिपावा, चोळू नये, पोहायला उतरण्यापूर्वी पट्टी काढून ठेवावी, आणि रात्री ती लावून निजू नये. आपल्या भाषेत एखाद्याची पारख करण्याला ‘पाणी जोखणे’ म्हणतात. इथे जोखणारेही पाणीच आहे.

आता कोणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? जे खोटे ते खोटे. पाण्याने ते उघडे पाडले, बरे झाले. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. हे बोलणे ऐकायला सोपे आहे. पण घरात नजर फिरवली की ते टिकत नाही. आजोबांची कवळी खोटी असते. तिला कोणी असत्य म्हणत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी अंबाड्यात गंगावन घातले आणि त्यावर सुरंगीचा वळेसर माळून त्या देवळात गेल्या. देव रागावल्याचे ऐकिवात नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त बालगंधर्व सिंधू होत. केस उसने, साडी उसनी, स्त्रीपणही उसने. पण त्या उसन्या सिंधूसाठी प्रेक्षकांच्या डोळ्यांतून वाहिलेले पाणी अस्सल होते. जिथे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, तिथे खोट्याला असत्य म्हणणे हा शब्दांचा गोंधळ होय. असत्याला कोणी तरी फसलेला लागतो, आणि फसण्यात त्याचे काही तरी बुडालेले असावे लागते. लग्नाच्या मांडवात नवरीच्या पापण्या पाहून कोणाचे काय बुडते?

तेव्हा पापणी खोटी आहे, हा तिचा गुन्हा नव्हे. शृंगार आणि पाणी यांचे वैरही काही सनातन नव्हे. कालिदासाच्या रघुवंशात सोळाव्या सर्गात कुश राजाची शरयूतली जलक्रीडा आहे. नावांनी ढवळलेल्या पाण्याने अंतःपुरातल्या स्त्रियांच्या डोळ्यांतले काजळ धुऊन नेले. पण कवी म्हणतो, त्याच पाण्याने त्यांच्या डोळ्यांना लाली देऊन ते देणे फेडले. त्यांच्या कानांवरची शिरीषफुले गळून प्रवाहात तरंगू लागली आणि शेवाळाला हपापलेले मासे त्यांना भुलले. फसलेच कोणी, तर ते मासे! त्या स्त्रियांपैकी कोणी आरसा मागितल्याचे कवीने लिहिलेले नाही. शृंगार केला, तो पाण्यात गेला, खेळ चालू राहिला. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तर पार्वतीने अलंकार केव्हाच उतरवले आहेत. ती तपाला बसली आहे आणि पहिल्या पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवर क्षणभर थांबून खाली उतरतात. पापणीचे याहून सुंदर वर्णन मला तरी माहीत नाही. आणि त्यात पापणी पाण्याला थारा देते आहे, टाळत नाही.

इथून आपण वैशाखातल्या एखाद्या लग्नाला जाऊ. मुंबईचे किंवा कोकणातले कार्यालय. हवा अशी की पंख्याखालीसुद्धा घाम सुकत नाही. नवरी पहाटे चारला उठून रंगभूषेला बसलेली. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, लाजाहोमाच्या धुराने डोळे चुरचुरले, आणि शेजारी उभी असलेली रंगभूषा करणारी बाई कागदी रुमालाच्या टोकाने तिच्या डोळ्यांच्या कडा टिपते आहे. इथवर सगळे ठीकच आहे. मग पाठवणीची वेळ येते. आई पुढे होते, ओटी भरते, आणि मुलीचा ओठ थरथरायला लागतो. तेवढ्यात मागून हळूच आवाज येतो: “ताई, रडू नका हं आता. पापणी सुटेल. फोटो राहिलेत अजून.”

त्या बाईंचे चुकले, असे मी म्हणणार नाही. पहाटेपासूनची त्यांची मेहनत त्या चेहऱ्यावर आहे, आणि फोटोत पट्टी लोंबकळताना दिसली तर बोल त्यांनाच लागायचा. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. माणूस इतकी वर्षे दागिन्यांना आज्ञा देत आला. इथे दागिना माणसाला आज्ञा देतो आहे. आणि आज्ञाही कशाची, तर ज्या क्षणासाठी डोळ्याला पाणी दिले आहे, त्याच क्षणी ते आवरण्याची. पापणी खोटी होती तोवर काही बिघडले नव्हते. तिच्यासाठी निरोप खोटा करावा लागला, तेव्हा असत्य घरात शिरले. आणि त्यात बुडाले ते त्या मायलेकींचे.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. पूर्वी पाठवणीला मुलगी रडली नाही, तर चार बायका कुजबुजत, ‘बघा, डोळ्याला टिपूस नाही!’ ज्या मुलीला रडू येत नव्हते, जी मनातून आनंदात होती, तिलाही पदर डोळ्याला लावावा लागे. तेही असत्यच होते, आणि त्याला गोंदसुद्धा लागत नव्हता. एखादीला आज पापणीचे निमित्त सोयीचे वाटत असेल, तर तिने ते जरूर वापरावे. रडावे की न रडावे, हे ठरवणारी सत्ता कोणाची, एवढाच खरा प्रश्न आहे. ती जशी चार बायकांची नव्हे, तशी दोन पट्ट्यांचीही नव्हे.

लावणी नाचणाऱ्या कलावतीकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तीही खोट्या पापण्या लावते. कारण शेवटच्या रांगेतल्या रसिकापर्यंत तिच्या डोळ्यांची अदा पोचली पाहिजे. ढोलकी तापते, पायांतल्या किलोकिलोंच्या घुंगरांनी पोटऱ्या भरून येतात, नऊवारी घामाने भिजते. पण घाम येईल म्हणून ती गिरकी कमी करीत नाही. पापणी उचललीच, तर विंगेत जाऊन ती बोटाने दाबते आणि पुढच्या ठेक्याला हजर होते. तिच्या निढळाच्या घामापुढे पापणीची प्रतिष्ठा ती काय? घुंगरू जसे तिचे हत्यार, तशी पापणीही. ती वस्तू तिच्या कामाला जुंपलेली आहे. ती स्वतः त्या वस्तूला जुंपलेली नाही. एकच पट्टी, एकच गोंद. पण एकीकडे ती चाकर आहे आणि दुसरीकडे मालकीण.

मला वाटते, शृंगाराची नीती ती एवढीच. तो खरा की खोटा, हे विचारण्यापेक्षा तो अंगावर असताना आपल्याला घाम गाळता येतो का, पोट दुखेपर्यंत हसून डोळ्यांतून पाणी काढता येते का, जवळच्या माणसाच्या खांद्यावर डोके टेकता येते का, हे विचारावे. आपल्या पूर्वजांनी दिवाळीची सुरुवात अभ्यंगस्नानाने केली. आधी तेल, उटणे आणि कढत पाणी; मग नवे कपडे आणि दागिने. तेल आणि पाणी हेच दोघे खोट्या पापणीचे वैरी. सणाच्या पहाटे प्रत्येकाने एकदा या दोघांच्या हाती तोंड द्यावे, सगळे धुऊन गेल्यावर उरलेला चेहरा घरच्या माणसांना दाखवावा, आणि मग हवे तेवढे नटावे, यात मला मोठे शहाणपण दिसते.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतील. ज्यांच्या घरी कार्य आहे, त्या आयांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलीला हौसेने नटवा, पापण्याही लावा, मात्र पाठवणीचे फोटो आधीच उरकून घ्या, आणि रंगभूषेच्या बाईंना प्रेमाने सांगा, “ताई, तुमचे काम छान झाले, आता तुम्ही जेवून घ्या.” मग लेक गळ्यात पडली आणि पट्टी सुटून तुमच्या खांद्यावर चिकटली, तर चिकटू द्या. बाजारात तशा पुष्कळ मिळतात.