देवाचे काम आणि घरची म्हातारी

वचनाधार : मार्क 7:9–13, योहान 19:25–27



प्रभू येशूने शास्त्री व परूशी ह्यांस पुष्कळ वेळा दोष दिला. परंतु मार्काच्या सातव्या अध्यायात त्याने जो दोष दिला आहे, तो वाचताना आम्हांस नेहमी असे वाटते की, तो यरुशलेमेहून आलेल्या त्या मंडळींपुरता नसून आमच्यासाठी, म्हणजे देवाच्या मळ्यात राबणाऱ्या पाळकांसाठी, प्रचारकांसाठी व वडिलांसाठी, लिहून ठेविलेला आहे.

त्या काळी यहूदी लोकांत एक रीत पडली होती. एखाद्या मनुष्याने आपल्या मिळकतीविषयी 'कुर्बान' हा शब्द उच्चारला, म्हणजे ती देवाला वाहिलेली ठरे. मग तिच्यातून म्हाताऱ्या आईबापांस काही द्यावे, असे बंधन त्याच्यावर उरत नसे. शास्त्रीच त्याला मोकळा करीत. मुलगा मोठा धार्मिक ठरे, आणि आईबाप उपाशी राहत. प्रभूने ह्या धार्मिकपणाचा मुखवटा ओढून काढिला. तुम्ही आपल्या रीतीच्या जोरावर देवाची आज्ञाच रद्द करिता, असा त्याचा ठपका होता.

ही कोणती आज्ञा? आईबापांचा मान राखण्याविषयीची, दहांपैकी पाचवी. ती आम्ही शब्बाथ शाळेत लहान मुलांकडून पाठ करून घेतो आणि तेथेच ठेवून देतो. पण जरा विचार करा. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी ती आज्ञा ऐकण्यास कोण उभे होते? संसार असलेले, गुरेढोरे असलेले, घरात थकलेले आईबाप असलेले प्रौढ लोकही तेथे होते. आणि प्रभूने ही आज्ञा ज्यांस सांगितली, ते तर मिळकतीचे धनी होते. तेव्हा ही आज्ञा पोरवयाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आमच्या वयाची आहे. आणि मान राखणे म्हणजे केवळ नमस्कार करणे नव्हे. प्रभूने त्या आज्ञेत अन्न, वस्त्र व पैसा धरला, म्हणूनच तो कुर्बान म्हणणाऱ्यांवर रागावला.

आमचे शेजारी दरवर्षी आषाढीस पंढरीची वाट चालतात. ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, फलटण ह्या आपल्या सातारा जिल्ह्यातील गावांवरून जाते, हे तुम्ही सर्वांनी पाहिलेच आहे. ते जी पुंडलिकाची कथा सांगतात तीही तुम्हांस ठाऊक आहे. दारात देव आला असता तो मायबापांची सेवा सोडून उठला नाही. देवापुढे वीट फेकून त्याने त्यास थांबावयास सांगितले. आमचा विश्वास निराळा आहे, आणि तो आम्ही लपवीत नाही. परंतु त्या कथेवर वाढलेल्या लोकांनी आमच्याकडे बोट दाखवून असे म्हणावे काय की, ह्यांच्या धर्मात देवासाठी आईबाप टाकितात? असे म्हणण्यास आम्ही त्यांस जागा दिली, तर त्याचा जाब आम्हांसच द्यावा लागेल.

आता आपल्या गावांची स्थिती पाहा. माण, खटाव, आटपाडी, खानापूर हे तालुके पिढ्यानपिढ्या दुष्काळ सोसत आले. तेथील तरुण पोटासाठी मुंबईस ओझी उचलावयास गेले. खानापूर व आटपाडीकडचे किती तरी लोक सोने गाळण्याच्या गलाई धंद्यानिमित्त हिंदुस्थानातील दूरदूरच्या शहरांत जाऊन राहिले. शिकलेली मुले पुण्यास गेली. ह्यात दोष काय? याकोबाचा योसेफही दूर देशीच होता. परंतु योसेफाला संधी मिळताच त्याने गाड्या पाठवून बापाला आपल्याजवळ आणिले व अखेरपर्यंत पोसिले. आम्ही मात्र फोनवरून पैसे पाठवितो, आणि पैसे पोहोचले म्हणजे कर्तव्य पोहोचले असे मानितो. गावातील घरात एक म्हातारा, एक म्हातारी, कधी त्यांतले एकच, आणि रात्री खोकल्याचा आवाज; असे चित्र कोणत्या वाडीत नाही? सन 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. आयुष्य वाढले ही देवाची कृपा आहे. पण वाढलेले आयुष्य कोणाच्या सोबतीने काढावयाचे, हा प्रश्न आमच्या दारात उभा आहे.

ह्या बाबतीत आम्ही दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा दोष कबूल करणे योग्य होय. आमच्या मातोश्री गावी एकट्या राहत. आम्ही दुसऱ्या तालुक्यात मंडळीच्या सेवेत होतो. आजाऱ्यांच्या भेटी, शोकाच्या घरी प्रार्थना, सुगीचा सण, सभा, हिशेब, ह्यांत दिवस जात. महिनोन्महिने आम्ही घरी फिरकत नसू. एकदा एका वृद्ध भगिनीच्या घरी सांत्वनाची प्रार्थना करून परतताना वाटेत आमचे गाव लागले, म्हणून उतरलो. मातोश्री चुलीपुढे बसून कालची भाकरी पाण्यात भिजवून खात होत्या. आमचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, पण त्यांचे डोळे आमच्याकडे न वळता दाराच्या चौकटीकडे वळले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शेजारची एक मराठा बाई रोज त्यांचे पाणी भरीत असे व वेणी घालीत असे. आम्ही विचारले, "आई, इतके दिवस सांगितले का नाही?" त्या म्हणाल्या, "तू देवाच्या कामात हाईस, बाळा. माझ्यापायी खोळंबा कशाला?"

बंधूंनो, त्या वेळी आमच्या अंगावर काटा आला. कुर्बान हा शब्द आम्ही तोंडाने कधी उच्चारिला नव्हता. आमच्या आईनेच तो आमच्यासाठी उच्चारिला होता. आम्ही तिला असे वागविले होते की, आपण देवाच्या कामातील अडथळा आहो, असे त्या माऊलीस वाटू लागले होते! दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी बसून आम्ही स्तोत्रे वाचीत होतो, आणि आमच्या आईचे शास्त्र डोळ्यांअभावी फळीवर धूळ खात पडले होते. पुढे शस्त्रक्रिया झाली, दृष्टी आली, त्या आमच्याजवळ राहावयास आल्या. देवाने क्षमा केली असा आमचा विश्वास आहे. परंतु ते वाया गेलेले महिने परत आले नाहीत.

कोणी म्हणेल, प्रभूने आपल्यापेक्षा बाप किंवा आई ह्यांवर अधिक प्रीती करणाऱ्यास अयोग्य म्हटले नाही काय? होय, म्हटले. परंतु ज्याने ते म्हटले त्याचे अखेरचे कृत्य पाहा. वधस्तंभावर तो जगाच्या पापांचा भार वाहत होता. त्याहून मोठे देवाचे काम पूर्वी झाले नाही व पुढे होणार नाही. अशा घटकेस त्याची दृष्टी खाली उभ्या असलेल्या आईकडे गेली, आणि तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हवाली करून त्याने तिच्या निवाऱ्याची सोय केली. योहान सांगतो की, त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. जगाच्या तारणाचे काम करिताना प्रभूस आईसाठी सवड होती. मग आमची कोणती सभा इतकी मोठी आहे की, तिच्यापायी आईसाठी सवड मिळू नये? म्हाताऱ्या आईची सेवा ही देवाच्या कामातील अडचण नव्हे. ते देवाचेच काम होय. पौलाने तीमथ्याला हेच लिहिले की, मुलांनी व नातवंडांनी सुभक्ती प्रथम आपल्या घरी शिकावी. आणि जो घरच्यांची तरतूद करीत नाही त्याला त्याने विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट ठरविले.

ही सेवा कशी करावी? ती हातांनी करावयाची आहे. मिरजेस डॉ. वॉन्लेस ह्यांनी सन 1894 मध्ये इस्पितळ उघडिले, तेव्हापासून आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ मुलींनी तेथे परक्यांच्या जखमा धुण्याचे शिक्षण घेतले. जी मंडळी परक्यांची मळमूत्रे काढण्यास लाजली नाही, तिने घरच्या वृद्धांविषयी किळस बाळगू नये. अंथरुणास खिळलेल्या मनुष्याची कूस दर दोन तासांनी पालटावी. टाचा, कंबर व माकडहाड तांबडे होते की काय हे रोज पाहावे, कारण एकदा पाठ चिघळली म्हणजे ती भरून येणे फार कठीण. घास भरविताना बसवून भरवावा. तहान लागली हे म्हाताऱ्यांस पुष्कळदा कळत नाही, म्हणून पाणी विचारून पाजावे. न्हाणीघर कोरडे ठेवावे, रात्री दिवा ठेवावा, भिंतीस धरावयास दांडी ठोकावी. पाय घसरून खुब्याचे हाड मोडले म्हणजे कित्येक पुन्हा उठत नाहीत. ऐकू कमी येत असेल तर ओरडू नये, समोर बसून सावकाश बोलावे.

कित्येक वृद्धांस विसराळूपणाचा रोग जडतो. जेवण झाले तरी जेवलो नाही म्हणतात, मेलेल्या माणसांची वाट पाहतात, मुलाला ओळखीत नाहीत. हा हट्ट नव्हे, चेटूक नव्हे, पापाची शिक्षाही नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. ते आम्हांस विसरले तरी देव त्यांस विसरत नाही. केस पिकेपर्यंत मी वाहून नेईन असे अभिवचन त्याने यशयाच्या मुखाने दिले आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बापाची सेवा मुलाने करावयाची, असे आम्ही व्यासपीठावरून बोलतो. आणि घरी ती सारी सुनेच्या माथी मारितो. रात्री तीनदा उठणारी तीच, अंथरूण धुणारी तीच, आणि बोलणी खाणारीही तीच. मुलांनो, तुमच्या बापाचे अंग तुम्ही पुसा. वडिलांनो, अशा घरी भेटीस जाल तेव्हा नुसती प्रार्थना करून उठू नका. दोन तास आजाऱ्याजवळ बसा, म्हणजे त्या थकलेल्या बाईला झोप मिळेल.

कित्येक मुले मात्र सेवा तर करीत नाहीतच, उलट गोड बोलून जमिनीच्या कागदावर म्हाताऱ्याचा अंगठा घेतात आणि मग त्याला पडवीत टाकितात. आंधळ्या इसहाकाला फसवून याकोबाने जे दुःख विकत घेतले, ते त्यांनी आठवावे. सन 2007 च्या कायद्याने आईबापांस मुलांकडून पोटगी मागण्याचा हक्क दिला आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळविता येते. म्हणून वृद्धांनी बक्षीसपत्र करण्यापूर्वी ती अट कागदावर लिहून घ्यावी. ज्यांस कोणी नाही अशा पासष्ट वर्षांवरील गरिबांसाठी सरकारची श्रावणबाळ योजना आहे. सन 2023 मध्ये तिची रक्कम दरमहा 1500 रुपये झाली. प्रचारक बंधूंनी अशांस तहसील कचेरीत नेऊन अर्ज भरून द्यावा. हेही सुवार्तेचेच काम आहे. मात्र खिस्ती घरातील आईला मुलावर अर्ज करावा लागणे, ह्यासारखी लाजिरवाणी गोष्ट मंडळीस दुसरी नाही.

आता आमच्या वृद्ध वडीलधाऱ्यांस नम्रपणे दोन शब्द. आपण आता निरुपयोगी झालो असे म्हणू नका. मंदिरात बाळ येशूला ओळखिले ते शिमोनाने आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या हन्नेने. तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ पौलाने त्याच्या आजीपर्यंत, लोइशीपर्यंत, नेऊन दाखविले. आमच्याच मराठी मंडळीत पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळक सन 1917 मध्ये साताऱ्यास आले व तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' उभारिला. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते प्रभूकडे गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी पन्नाशीच्या होत्या. शाळेचे शिक्षण नाही, पदरी वैधव्य. परंतु त्यांची 'स्मृतिचित्रे' सन 1934 पासून छापून निघू लागली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे कामही त्यांनीच केले. सर्वांस ग्रंथ लिहिता येणार नाहीत. पण नातवंडांस प्रार्थना शिकविता येते. मंडळीतील एकेका घराचे नाव घेऊन देवाजवळ विनंती करिता येते. जुने भांडण मिटविता येते. सुनेला बरे म्हणता येते, आणि दुखणे न लपविता सांगता येते. होय, हेही शिका. आमच्या आईसारखे गप्प राहू नका. पेत्राला प्रभूने सांगितले होते की, म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील; दुसऱ्याच्या हातून सेवा घेणे ही देखील ख्रिस्ताच्या शिष्यास शिकावी लागणारी नम्रता आहे.

येत्या प्रभुवारी प्रत्येक मंडळीने एवढे करावे. उपासनेस येऊ न शकणाऱ्या वृद्धांची यादी करावी. प्रभुभोजन झाल्यावर पाळकाने व एका वडिलाने ते त्यांच्या घरी न्यावे. आणि कोणाच्या घरी कोणत्या वारी कोण बसेल, हे ठरवावे. ज्या घरी कोणी नाही, तेथे प्रथम जावे. आणि जो हा लेख वाचीत आहे त्याचे आईबाप जिवंत असतील, तर त्याने हे पत्र खाली ठेवून आधी त्यांच्याकडे जावे. दूर असेल तर जाण्याचा दिवस आजच ठरवावा. देवाचे काम तोवर थांबणार नाही. कदाचित् ते तेथेच त्याची वाट पाहत असेल.

ज्या प्रभूने वधस्तंभावरून आपल्या आईकडे पाहिले, तो आम्हां सर्वांस तसे पाहणारे डोळे देवो. आमेन.