माणूस स्वार्थी, म्हणून तुला सुट्टी?

बस. तुझा निबंध वाचला. अक्षर सुरेख, विचार उसने.

पानोपानी मॅकियाव्हेली. सार काय, तर माणूस मुळात कृतघ्न आणि लोभी, सत्ता माणसाला नासवते, म्हणून शहाण्यानं राजकारणापासून चार हात लांब राहावं. यातलं पहिलं त्याचं आहे, मान्य. 'द प्रिन्स'च्या सतराव्या प्रकरणात सापडतं. दुसरं लॉर्ड अ‍ॅक्टनच्या १८८७ सालच्या पत्रातून आलंय, ते तू बिनदिक्कत मॅकियाव्हेलीच्या खात्यावर टाकलंस. आणि तिसरं कुणाचं रे? तुझं. आळस तुझा आणि सही मेलेल्या माणसाची?

'द प्रिन्स' किती वाचलंस? खरं सांग. सव्वीस प्रकरणांचं लहानसं पुस्तक आहे. तू सतरावं आणि अठरावं वाचलंस, तेही गाइडमधून. म्हणून तर 'साध्य चांगलं असलं की साधन कसंही चालतं' हे वाक्य अवतरणचिन्हांत घालून त्याच्या तोंडी दिलंस. पुस्तकात दाखव मला. बसलोय मी.

आता त्या माणसानं काय केलं ते ऐक. १४९८ साली, एकोणतिसाव्या वर्षी, तो फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या कचेरीत लागला. चौदा वर्षं राबला. फ्रान्सच्या राजाकडे गेला, सेनानी चेझारे बोर्जियाच्या तळावर राहिला, पगार पुरत नाही म्हणून कटकटीची पत्रं लिहीत राहिला, पण घोड्यावरून उतरला नाही. भाड्याचे सैनिक ऐन वेळी पाठ दाखवतात हे त्यानं पाहिलं होतं. म्हणून १५०६ मध्ये गावोगावचे शेतकरी गोळा करून प्रजासत्ताकाची स्वतःची फौज उभी केली. १५०९ मध्ये पिसा शरण आलं, तेव्हा ती फौज मैदानात होती. १५१२ मध्ये प्रातोला स्पॅनिश सैन्यापुढे तीच फौज पळाली. फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवलेलं मेदिची घराणं परत आलं, याची नोकरी गेली. पुढच्या फेब्रुवारीत कटाच्या संशयावरून तुरुंग. हात पाठीमागे बांधून दोरानं वर ओढायचं आणि झटक्यानं खाली सोडायचं, असा छळ सहा वेळा. मार्चमध्ये मेदिचींपैकीच एक पोप झाला, त्या आनंदात कैदी सुटले, त्यांत हाही सुटला.

मग शहराबाहेरच्या शेतावर. दिवसा लाकूडतोड्यांशी हुज्जत, दुपारी खानावळीत पत्ते. रात्री मात्र मळके कपडे उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि प्राचीन ग्रंथकारांशी चार-चार तास बोलत बसायचा. 'द प्रिन्स' तिथं लिहिलं. माणसांचा उबग येण्याचा अधिकार कुणाला असेल तर याला. तुझ्यावर असा कोणता प्रसंग गुदरला? आधार केंद्रावर रांगेत ताटकळलास?

तो संत नव्हता, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या हार घालून येशील. ज्या घराण्याच्या राज्यात छळ सोसला त्यातल्याच एकाला पुस्तक अर्पण करून नोकरी मागितली. पण काम मागितलं, लेका. कामातून सुटका नाही मागितली.

आता मुद्द्यावर ये. 'डिस्कोर्सेस' नावाचं त्याचं दुसरं पुस्तक आहे, 'द प्रिन्स'हून कितीतरी मोठं. तुझ्या निबंधात त्याचा उल्लेख नाही. तिथं तो म्हणतो, राज्य स्थापणाऱ्यानं सगळी माणसं दुष्टच आहेत असं धरून चालावं. कशासाठी? कायदे तसे करण्यासाठी! वाईटपणा गृहीत धरून बंदोबस्त करायचा, घरी जाऊन झोपायचं नाही. लगेच पुढच्या प्रकरणात सांगतो की रोमचं स्वातंत्र्य उमराव आणि सामान्य प्रजा यांच्या भांडणांतून जन्मलं, प्रजेची बाजू राखणारे ट्रिब्यून नावाचे अधिकारी त्यातूनच आले. ज्या गोंगाटाला तू 'घाण' म्हणून नाक मुरडतोस त्याला तो निरोगीपणा समजतो. आणि आणखी पुढे तो ठासून सांगतो की कायद्यानं बांधलेली जनता एकट्या राजापेक्षा अधिक शहाणी आणि स्थिर असते. हे माणसांना तुच्छ समजणाऱ्याचं बोलणं वाटतं तुला?

'द प्रिन्स'चीच चोविसावं आणि पंचविसावं ही प्रकरणं काढ. इटलीच्या राजांनी राज्यं गमावली आणि दोष नशिबाला दिला. हा म्हणतो, नशीब नाही, तुमचा निष्काळजीपणा. आपल्या कर्माचं अर्धं दैवाकडे असेल, अर्ध्याच्या आसपास आपल्याच हाती आहे. नदीला पूर येणारच, पण उन्हाळ्यात बांध घालायला कुणी अडवलं होतं? पाचशे वर्षांपूर्वी लिहिलंय, आणि नाव तेवढं तुझं घालायचं राहिलंय.

मागच्या निवडणुकीत बोटाला शाई होती का? का 'सगळे सारखेच' म्हणून लोणावळ्याला गेलास? १ मेला गावी होतास. ग्रामसभा होती. गेलास? पाण्याच्या टाकीचा हिशेब कुणी विचारला? तू तर नाहीच. संध्याकाळी पारावर बसून मात्र भ्रष्टाचारावर तासभर बोललास. हिशेब न विचारणाऱ्या सज्जनांवर तर सरपंचाचा सगळा कारभार चालतो. चोराला अंधार पुरवायचा आणि वर 'माणूस स्वार्थी' म्हणून उसासा टाकायचा! त्या स्वार्थी माणसांत तू मोडतोस की नाही, एवढं एक वाक्य निबंधात शोधलं. सापडलं नाही.

मठ्ठ पोरांना मी एवढं बोलत नाही. त्यांना काठावर पास करतो आणि विसरतो. तुला कळतं, म्हणूनच राग येतो. न कळणाऱ्याला निदान लाज वाटते. तू न करण्याचं तत्त्वज्ञान बनवलंस, त्यावर थोर माणसाची मोहर मारलीस आणि मार्क मागायला आलास.

मार्क दिलेले नाहीत. निबंध घेऊन जा. 'डिस्कोर्सेस'चा पहिला भाग पुरा वाच, गाइड नको. मतदार यादीत नाव नसेल तर नमुना ६ भर. सोमवारी नवा निबंध आण आणि सोबत त्या अर्जाची पोच. पोच नसेल तर दारातूनच परत फीर.