वासराचा प्रश्न, मांजरीचं दुखणं

घरातली मांजरी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि एका तपासणीत वजन भरतं तीन किलो. वर्षापूर्वी ते चार होतं. उलट्या चालू असतात. पोट चाचपताना डॉक्टरांचा हात एका जागी थांबतो. ‘गाठ लागतेय. कॅन्सरही असू शकेल.’ मग सोनोग्राफी, सुईनं पेशी काढून तपासणं, गरज पडल्यास भूल देऊन आतड्याचा तुकडा काढणं, असं सगळं पुढ्यात येतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘या वयात तिला कशाला छळायचं?’

हे बोलणं मायेचं आहे. ते अहिंसेचंही आहे का?

१९२८ साली साबरमती आश्रमात हाच प्रश्न एका वासराच्या निमित्तानं उभा राहिला. वासरू जायबंदी होतं, कूस बदलतानाही तळमळत होतं. उपचार करून झाले, डॉक्टरांनी आशा सोडली. गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय केला आणि इंजेक्शन देऊन त्याची सुटका करवली. मग ते लेख लिहून स्वतःच जाहीर केलं. संतापाची पत्रं आली. जो जीव देऊ शकत नाही त्यानं तो घेऊ नये, ज्याचे भोग त्यानंच भोगून संपवायचे, असा आक्षेप होता. तो पोकळ मुळीच नव्हता. थकलेल्या, निरुपयोगी जनावरालाही शेवटपर्यंत सांभाळण्याची परंपरा याच श्रद्धेवर पोसली गेली. मुंबईत भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ पासून आहे.

वादाला उत्तर देताना गांधीजींनी चार अटी घातल्या: रोग असाध्य ठरलेला असावा, संबंधित सगळ्यांनी जगण्याची आशा सोडलेली असावी, कोणतीही मदत वा सेवा करण्यापलीकडे स्थिती गेलेली असावी, आणि रोग्याला स्वतःची इच्छा सांगणं अशक्य असावं.

मांजरीच्या बाबतीत चौथी अट पहिल्या दिवसापासूनच लागू असते. म्हणून बाकीच्या तिन्हींचं ओझं माणसावर येतं, आणि त्यांतली पहिलीच निदान मागते. म्हाताऱ्या मांजरीचं वजन थायरॉइड वाढल्यानं घटतं, मूत्रपिंड थकल्यानं घटतं, मधुमेहानंही घटतं. थायरॉइडवर तर रोजच्या गोळ्या चालतात. कॅन्सर निघाला तरी तो कोणता, हे महत्त्वाचं. आतड्यातला मंद गतीचा लिम्फोमा असेल तर क्लोरअ‍ॅम्ब्युसिल आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर कितीतरी मांजरी दोन वर्षं, काही त्याहून जास्त काढतात. तोंडातला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असेल तर बहुतेकींच्या हाती काही महिनेच असतात. नुसत्या संशयावर हात आखडता घेणं म्हणजे जगू शकणाऱ्या जिवाला असाध्य ठरवणं.

तरीही तपासण्यांना मर्यादा हवी. माणूस केमोथेरपी सोसतो, कारण त्याला नातीचं लग्न पाहायचं असतं. आजच्या वेदनेचा उद्याशी हिशेब तो मांडू शकतो. मांजरीला हा हिशेब कुणी समजावू शकत नाही. तिच्यापाशी आजची सुई आणि आजची भूल एवढंच असतं. म्हणून प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना विचारायला हवं: याचं उत्तर काहीही आलं तरी उपचार तोच राहणार असेल, तर ही तपासणी कुणासाठी?

सेवेची अट सर्वांत जास्त लक्ष मागते, कारण मांजरी दुखणं लपवतात. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरीच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, आकसलेले डोळे, ताणलेलं तोंड, मिशा आणि डोक्याची उंची, एवढ्यावर घरच्यांचीही नजर तयार होऊ शकते. वेदनाशामक मात्र डॉक्टरांकडूनच घ्यावं. घरातली पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.

अमेरिकी पशुकर्करोगतज्ज्ञ अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची आणखी एक पद्धत आहे. वेदना, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे; एकूण पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळ चालू ठेवण्याजोगा. हे गुण देणारा माणूसच असतो, आणि ज्याचा जीव जास्त गुंतलाय तो सढळ हातानं देतो. तेव्हा घरातल्या दोघांनी ते वेगवेगळे लिहावेत, दर आठवड्याला डॉक्टरांपुढे ठेवावेत, आणि जिथे आकडे जुळत नाहीत तिथूनच बोलणं सुरू करावं.