चटईच्या मापाबाहेरचे घर

शासकीय मराठीत सदनिकेच्या आतल्या वापरण्याजोग्या जागेला ‘चटई क्षेत्र’ म्हणतात, आणि जुने घर सोडून नव्या घराची आखणी करू लागलेल्या कुटुंबाच्या बोलण्यात हा शब्द एकदा शिरला की बाकीचे शब्द हळूहळू मागे पडतात. स्थावर संपदेविषयीच्या २०१६च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे ‘रेरा’ म्हणून ओळखतात त्याने, या क्षेत्राची व्याख्या नेमकी करून दिली आहे. बाहेरच्या भिंतींखालची जागा, नळवाहिन्यांची पोकळी, त्या सदनिकेपुरती असलेली गॅलरी अथवा व्हरांडा आणि उघडी गच्ची एवढे वगळून, पण आतल्या आडभिंती धरून, जी निव्वळ जागा उरते ती चटई क्षेत्र. जिना, लिफ्ट आणि प्रवेशदालन यांचा वाटा सदनिकेच्या क्षेत्रफळात मिळवून दर आकारण्याची पद्धत आधी सर्रास रूढ होती, त्यामुळे ग्राहकाच्या दृष्टीने ही व्याख्या आवश्यकच होती यात शंका नाही. तरीही तिच्यातून एक चमत्कारिक योग जुळून आला आहे : ओसरी, अंगण, गच्ची, जिन्याची पायरी या ज्या भागांच्या आठवणीने जुने घर सोडताना माणसाचा पाय अडखळतो, नेमके तेच भाग किंवा त्यांचे आजचे वारस नव्या घराच्या मोजमापात धरले जात नाहीत. पुण्याच्या पेठांतील वाडे सोडून सदनिकांत गेलेल्या आणि आजही जात असलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हा योग जितका ठळक दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

वाडा म्हणजे एक वा अनेक चौकांभोवती रचलेले, दगडी जोत्यावर लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्याने उभे राहिलेले, विटा-मातीच्या भिंतींनी भरून काढलेले घर. त्यातील दोन खांबांमधील गाळ्याला ‘खण’ म्हणत आणि घराचा आकार किती खणी यावरून सांगितला जाई. हे माप बांधणीचे होते, वापराचे नव्हते, ही बाब महत्त्वाची आहे, कारण अमुक खण कशासाठी हे सुतार ठरवत नसे. ते दिवसाच्या प्रहरावर, ऋतूवर आणि घरात त्या वेळी कोण आहे यावर ठरत असे. चौकाकडे उघडणाऱ्या ओसरीवर सकाळी शिकवणी चाले, दुपारी तिथेच धान्य निवडले जाई, संध्याकाळी आल्यागेल्याशी बोलणे होई आणि उन्हाळ्यात रात्री अंथरुणे पडत. चटई ही वस्तूच मुळी जागा काही काळापुरती व्यापण्यासाठी आणि गुंडाळून परत मोकळी करण्यासाठी असते. ज्या परिभाषेने घराच्या कायमच्या, भिंतींनी बंदिस्त केलेल्या क्षेत्राला चटईचे नाव दिले, तिने नकळत थोडी थट्टाच केली म्हणायची.

हे वाडे का सुटले याची कारणे परिचित आहेत, पण त्यांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीला बांधून ठेवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला आधार देणारा हा उपाय अर्धशतक टिकला आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेनासा झाल्यावर मालकाने वाड्याकडे पाठ फिरवली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली तोवर पुष्कळ तुळया आतून पोखरल्या गेल्या होत्या. दरम्यान १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांमधील अनेक घरे, बहुतांशी मातीच्या भिंतींची, काही तासांत खचली. आपखुशीने घर सोडणे आणि पाण्याने घरातून बाहेर काढणे यांतला फरक पुण्याच्या त्या पिढीइतका कोणाला कळला नसेल. पुढे १९६३मध्ये मालकी तत्त्वावरील सदनिकांविषयीचा राज्याचा कायदा आला आणि इमारतीतला एक तुकडा स्वतंत्रपणे विकत घेता येतो ही कल्पना मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडू लागली. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिकेने नोटिसा देणे हा आता वार्षिक क्रम झाला आहे.

वाडा सोडणाऱ्यांमध्ये दोन तऱ्हेची माणसे असतात आणि मराठीने त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द ठेवले आहेत. मालकाचे ते ‘घर’ आणि भाडेकरूचे ते ‘बिऱ्हाड’, म्हणजे उद्या दुसरीकडे हलू शकेल असा संसार. प्रत्यक्षात भाडे गोठल्यामुळे बिऱ्हाडे तीन-तीन पिढ्या जागची हलली नाहीत, आणि मालकाची मुले मात्र शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने केव्हाच उपनगरांत किंवा परदेशी गेली. त्यामुळे वाड्यावर खरे प्रेम कोणाचे, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव असलेल्याचे की दोन खोल्यांत जन्मून तिथेच म्हातारे झालेल्याचे, हा प्रश्न पुनर्विकासाच्या प्रत्येक बैठकीत न विचारता उपस्थित असतो. त्याचे उत्तर चौरस फुटांत दिले जाते, कारण वाटपाला दुसरे एकक उपलब्ध नसते.

या प्रेमाची तपासणी करणे मात्र अप्रिय असले तरी आवश्यक आहे. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची ओळख सांगताना एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मालमत्ता आणि पूजाअर्चा सामाईक असणे ही लक्षणे नोंदवली. वाडा हे या लक्षणांचे बांधीव रूप होते, आणि म्हणूनच त्या व्यवस्थेतील उतरंडही त्यात चुना-मातीत पक्की झालेली होती. ओसरी आणि रस्त्याकडचा दिवाणखाना येथे उजेड, वारा आणि गप्पा असत. माजघर, म्हणजे ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्या मधली बायकांची खोली, भर दुपारी अंधारी असे. बाळंतिणीची खोली त्याहून अंधारी असे. सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांनी बाईला महिन्यातले काही दिवस ‘बाहेर’ बसवले जाई, आणि त्या बाहेरची जागा कोणती हे घराला पाठ असे. देवडीच्या आत कोणी यावे आणि विहिरीला कोणी शिवू नये हेही ठरलेले होते. टोपलीच्या संडासांसाठी मागच्या बोळातून वेगळी वाट ठेवलेली असे, ती ज्यांना वापरावी लागली त्यांनी या वाड्यांविषयी गहिवरून काही लिहिले नाही यात नवल नाही. वाड्याच्या आठवणींचे मराठीतील लेखन बहुतेक ओसरीवर बसून झालेले आहे.

कायद्यानेही या प्रेमाला दीर्घकाळ एका बाजूने झुकते माप दिले. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारसा दिला खरा, परंतु त्याच कायद्याच्या कलम २३ने अशी अट घातली की मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तीचे राहते घर जर पूर्णपणे कुटुंबीयांच्याच वापरात असेल, तर पुरुष वारस आपले हिस्से वेगळे करायला तयार होईपर्यंत स्त्री वारसाला त्या घराची वाटणी मागता येणार नाही. तिला राहण्याचा हक्क होता, पण मुलगी अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल तरच. कुटुंबाचे घर मोडू नये हा हेतू त्यामागे होता आणि तो हेतू खोटा म्हणता येत नाही, मात्र घर न मोडण्याची किंमत कोणी भरायची हे त्याने निःसंकोच सांगून टाकले. ९ सप्टेंबर २००५ रोजी अंमलात आलेल्या दुरुस्तीने हे कलम गेले. त्यानंतर जुने घर विकण्याच्या कागदावर बहिणींच्या सह्या लागू लागल्या तेव्हा अनेक घरांत जो कडवटपणा आला, त्याचे खापर पैशाच्या लोभावर फोडण्याची रीत आहे. पण माहेरच्या घरात आपला वाटा किती होता हे त्या सहीच्या निमित्ताने प्रथमच आकड्यात समोर आले, आणि तो आकडा भावांइतकाच बहिणींनाही नवा होता.

म्हणून सदनिकेला नुसते नाव ठेवून चालत नाही. बंद करता येणारे दार, स्वयंपाकघरातला नळ, घरातले स्वच्छतागृह आणि जमिनीवर उकिडवे बसण्याऐवजी उभ्याने काम करण्याचा ओटा या चार गोष्टींनी वाड्यातून आलेल्या स्त्रीच्या आयुष्यात जो बदल केला, तो कोणत्याही चौकाने केला नव्हता. अडचण वेगळी आहे. सदनिकेने उतरंड मोडली तशी जागेची लवचीकताही मोडली. बैठकीची खोली, निजण्याची खोली, मुलांची खोली अशा नावांनी प्रत्येक भिंतीआडचा वापर आधीच ठरून गेला, आणि ‘दोन बीएचके’ हे शब्द घराच्या वर्णनाऐवजी कुटुंबाच्या आकाराचे विधान होऊन बसले. मग लोकांनी काय केले, तर गॅलरी आत घेतली. काचा किंवा ग्रिल बसवून गॅलरी खोलीला जोडून टाकण्याचा हा मराठी शहरांतला सार्वत्रिक उद्योग बेशिस्तीचे लक्षण मानला जातो, आणि इमारतींच्या दर्शनी भागाची त्याने जी दशा केली आहे ती पाहता तो आरोप अगदीच निराधार नाही, पण त्याच्या मुळाशी चटई क्षेत्राचे गणित आहे. जी जागा मोजमापात नाही ती वाया गेली असे वाटू लागते, आणि वाया गेलेली जागा आत घेणे हा शहाणपणा ठरतो.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) या पुस्तकात नेमका याच्या उलट विचार मांडला आहे. उष्ण प्रदेशात वर्षाचा बराच काळ स्वयंपाक, झोप, मुलांचे खेळणे ही कामे आकाशाखाली होऊ शकतात, त्यामुळे उघड्या जागेला खोलीच्या खालोखाल उपयोगमूल्य आहे, असे त्यांचे म्हणणे. कुटुंबाची खासगी जागा, दारातली पायरी, शेजाऱ्यांच्या भेटीचा पाणवठा आणि गावाचे मैदान अशी चार प्रकारच्या जागांची साखळी ते मांडतात, आणि त्यांतली एक कमी पडली तर दुसरीने भरून काढावी लागते असे दाखवतात. सिडकोसाठी बेलापूरला १९८०च्या दशकात त्यांनी जी वसाहत आखली तिच्यात सुमारे सात-सात घरे आठ मीटर लांबी-रुंदीच्या सामाईक चौकाभोवती मांडलेली होती, आणि कोणतीही भिंत दोन घरांत सामाईक नसल्याने प्रत्येकाला आपले घर सवडीने वाढवता येत होते. मूळ घरांपैकी पुष्कळशी मालकांनी पुढे पाडून मोठी बांधली. याला आराखड्याचे अपयश म्हणणारे आहेत, पण ज्या आराखड्याने बदल गृहीत धरला होता त्याच्या बाबतीत हा निकाल घाईचा वाटतो.

पुण्याच्या पेठेतला लहानसा भूखंड आणि वाढता चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा गुणक, यांच्या जोडीत बेलापूरचा नमुना बसणार नाही हे उघड आहे. तिथे पुढच्या घराची आखणी करणाऱ्या कुटुंबाच्या हाती थोडेच उरते, पण ते थोडे ज्या क्रमाने हाती येते तो क्रमच उलटा आहे. आधी नकाशा मंजूर होतो, मग करारावर सह्या होतात, मग वाडा रिकामा करून कुटुंब दोन-तीन वर्षे भाड्याच्या जागेत जाते आणि शेवटी नव्या इमारतीत परतते. जुन्या घरातल्या कोणत्या गोष्टीवाचून आपले अडते हे माणसाला त्या मधल्या भाड्याच्या जागेत कळते, आणि तेव्हा नकाशाला हात लावण्याची वेळ टळून गेलेली असते. घर विकून दुसरीकडे जाणाऱ्याचीही तीच गत. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ने भांडवली नफ्यावरील करातून सवलत मिळवण्यासाठी विक्रीनंतर दोन वर्षांत नवे घर विकत घेण्याची किंवा तीन वर्षांत बांधण्याची मुदत घालून दिली, आणि त्या मुदतीच्या धाकाने किती घरे घाईने निवडली गेली असतील याची गणना कोणी केलेली नाही.

तेव्हा नकाशा मागवण्यापूर्वी खोल्यांची नव्हे तर प्रहरांची यादी करणे अधिक उपयोगाचे ठरेल : पहाटे पहिला कोण उठतो आणि इतरांची झोप न मोडता कुठे बसतो, दुपारी उजेड कोणाला लागतो, फोनवर एकट्याने बोलायचे झाले तर घरातली सून कुठे जाते, गौरी-गणपतीला वीस पाने कुठे मांडली जातात आणि वर्षाचे उरलेले दिवस त्या जागेचे काय होते. ही यादी घरातल्या प्रत्येकाने वेगळी करावी, कारण कर्त्या माणसाच्या यादीत माजघर सहसा येत नाही. तिच्यात पुढच्या वीस वर्षांतला देहही धरावा लागतो. वाड्याच्या काळोख्या, उभ्या जिन्याने ज्यांना अखेरच्या वर्षांत माडीवरच कोंडून ठेवले त्यांची आठवण असलेले कुटुंब न्हाणीघराच्या दाराची रुंदी आणि उंबऱ्याची उंची आधी पाहील, संगमरवराचा रंग नंतर.

वाडा पाडताना निघालेले सागवानी खांब, महिरपी आणि दिंडी दरवाजे जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि तिथून शेतघरांच्या, हॉटेलांच्या दर्शनी भागात उभे राहतात. कुटुंब आपल्याबरोबर देव्हारा नेते, एखादे वेळी पाटा-वरवंटा नेते आणि तो कुठे ठेवायचा यावर नव्या घरात पहिला वाद होतो. विक्रीच्या माहितीपत्रकात छापलेल्या नकाशात पलंग, सोफा आणि सहा खुर्च्यांचे टेबल बारीक रेषांनी आधीच काढलेले असते. त्यात जमिनीवर बसण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा शोधू लागले, तर ती बहुधा मुख्य दाराबाहेर, जिन्याच्या आणि लिफ्टच्या मध्ये सापडते, आणि तिथे चपलांचे कपाट ठेवायचे ठरलेले असते.