दाह आणि औदुंबराची सावली

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, श्रीगुरुचरित्राचे पारायण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होते. एकोणिसाव्या अध्यायातले औदुंबराचे माहात्म्य आपण दरवर्षी वाचतो. हिरण्यकश्यपूचे पोट फाडताना नृसिंहाच्या नखांना विष लागले आणि नखांचा दाह होऊ लागला. लक्ष्मीमातेने औदुंबराची फळे आणली, देवाने त्यांत नखे रोवली आणि तो दाह शांत झाला. म्हणून त्या वृक्षाला वर मिळाला आणि म्हणून आपले दत्तमहाराज त्याच्या सावलीत असतात.

वाचताना आपण वराकडे बघतो, दाहाकडे बघत नाही. पण जरा थांबून विचार करा. दाह साक्षात देवालाही सोसवला नाही, त्यालाही कुणीतरी काहीतरी आणून द्यावे लागले. म्हणजे भाजलेल्या माणसाने आधार मागणे हा दुबळेपणा नव्हे. आज मला बोलायचे आहे ते याच आधाराविषयी. तो कुठे मिळतो आणि आपण मंदिरातली माणसे त्यात काय करू शकतो?

हा विषय आपल्या पट्ट्यात परका नाही. दिघीपासून भोसरी, तळवडे, चाकणपर्यंत कारखाने आहेत. भट्ट्या आहेत, रसायने आहेत. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. कामाला होत्या त्या बहुतेक बायाबापड्याच. काहींचे प्राण तिथेच गेले, काहींचे पुढे रुग्णालयात. त्यानंतर अठराच दिवसांनी, 26 डिसेंबरला दत्तजयंती होती. आपण पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला. गेलेल्यांसाठी हातही जोडले. पण असल्या आगीतून जी माणसे वाचतात, त्यांचे पुढे काय होते, हे आपण सहसा विचारत नाही.

डॉक्टर जीव वाचवतात. मांडीची कातडी काढून हातावर, मानेवर लावतात. पण बसवलेल्या कातडीला पूर्वीसारखा घाम येत नाही, त्यामुळे उन्हात जीव कासावीस होतो. व्रण आकसतात, बोटे वाकडी होतात, मान वळत नाही. खाज इतकी सुटते की रात्र काढवत नाही. व्रण मऊ पडायला वर्ष-दोन वर्षे जातात. हे झाले शरीराचे. त्याहून अवघड असते ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणे. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते, लहान मूल आईच्या पदराआड लपते. हळूहळू ते माणूस घरातच बसू लागते.

कुणी म्हणेल, एकांत तर साधनेला चांगलाच! यदुराजाला अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कुमारी आहे. घरी पाहुणे आले असताना ती आत साळी कांडत होती. बांगड्या वाजू लागल्या तेव्हा तिने एकेक उतरवून हातात एकच ठेवली, आणि आवाज थांबला. त्यावरून अवधूत एकटे राहायला शिकला. दृष्टान्त खरा आहे. पण त्या कुमारीने बांगड्या स्वतःच्या हाताने उतरवल्या होत्या, हे विसरू नका. एकांत आपण घेतो, एकटेपण आपल्यावर येऊन पडते. पहिल्यात माणूस देवाजवळ जाते, दुसऱ्यात देवापासूनही तुटते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1995 साली आमच्या घरी रॉकेलच्या स्टोव्हचा भडका झाला आणि सौ.चे दोन्ही हात, गळा व हनुवटी भाजली. अडीच महिन्यांनी ती घरी आली, पण हातात बांगडी चढेना. पंजा आकसला होता. सवाष्ण बाईचे हात मोकळे, म्हणून ती हळदीकुंकवाला जाईना, गुरुवारी आरतीलाही येईना. मी रोज पोथी वाचून दाखवत होतो. नातेवाईक येऊन ‘प्रारब्ध असतं, भोगून संपवायचं’ असे सांगून चहा पिऊन जात होते. यातले काहीच आत पोहोचत नव्हते.

पोहोचले ते एका बाकड्यावर! ड्रेसिंगसाठी दर मंगळवारी रुग्णालयात जावे लागे. बाहेरच्या बाकड्यावर त्याच वॉर्डात राहिलेल्या बायका बसत. चाकणकडच्या एक वयस्कर मावशी होत्या, त्यांचे भाजणे चार वर्षांपूर्वीचे. त्यांनी सौ.चा हात आपल्या हातात घेतला. दोन्ही हात सारखेच, आकसलेले. म्हणाल्या, “मला बी असंच व्हायचं. खाज सुटली की रात सरत न्हाई वाटायचं. पर सरती गं.” मग स्वतःची पाटली दाखवली. पेचाची होती, उघडून मनगटावर बसवायची, पंजातून चढवायचीच नाही. “सोनाराला सांग, करून देतो.”

एवढेच. मी बी.कॉम. झालेला, बँकेत जमा-नावे जुळवणारा माणूस. पण आठ महिने ज्या गोष्टीचा मेळ मला लागत नव्हता, तो त्या माउलीने दोन वाक्यांत लावला. त्या गुरुवारी आमच्या घरात पुन्हा बांगड्या वाजल्या. अवधूताला एका बांगडीच्या मौनाने शिकवले, आम्हाला दोन बांगड्यांच्या किणकिणीने.

पुढच्या वर्षी त्या बाकड्यावरच्या सात जणींनी ठरवले, तीन दिवस नरसोबाच्या वाडीला सेवेला राहायचे. हल्ली याला निवासी शिबिर म्हणतात. सामान उचलायला आणि तिकिटे काढायला म्हणून मी किरकोळ रजा टाकून गेलो. रात्री त्या एकाच खोलीत राहायच्या, एकमेकींच्या व्रणांना खोबरेल चोळायच्या. उन्हाच्या आधी, पहाटेच कृष्णेच्या घाटावर जायच्या. घरच्यांपुढे ज्यांनी कधी पदर ढळू दिला नव्हता, त्या तिथे एकमेकींपुढे मोकळ्या हसत होत्या, मधूनच रडतही होत्या. भाजले कसे, हे कुणी कुणाला विचारले नाही. ज्यांना सांगायचे होते त्यांनी आपण होऊन सांगितले.

दुसऱ्या दिवशी दर्शन घेऊन बाहेर आल्यावर त्यांतली एक जण म्हणाली, “इथं देवाला तोंडच नाही, नुसती पावलं आहेत. मग आपल्या तोंडाकडं कोण बघतंय?” वाडीला मूर्ती नाही, मनोहर पादुका आहेत, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्याचा हा अर्थ मात्र एका भाजलेल्या बाईने सांगितला. रात्रीच्या पालखीला सातही जणी गर्दीत पुढे उभ्या होत्या.

जगातही हाच अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या आगीत होरपळलेले तरुण वैमानिक इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड गावी डॉ. आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्याकडे येत. उपचार नवे होते, म्हणून त्या मुलांनीच 1941 साली आपल्या मंडळाला ‘गिनी पिग क्लब’ असे नाव दिले. (ते जमले होते पेल्याच्या निमित्ताने, तो भाग आपण सोडून देऊ!) खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेले, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही, चिटणीस असा की ज्याची बोटे भाजलेली, म्हणजे लांबलचक इतिवृत्त लिहिणार नाही. बँकवाल्याला ही नेमणूक फार पटते. स्वतःच्या व्यंगावर असे हसणे बरोबरीच्या माणसांतच जमते. युद्ध संपेपर्यंत त्यांचे 649 सदस्य झाले आणि वार्षिक मेळावे 2007 पर्यंत चालले. पण श्रेय गावालाही आहे. डॉक्टरांनी गावकऱ्यांना विनंती केली, या मुलांना घरी बोलवा, टक लावून बघू नका. लोकांनी ती पाळली. ‘टक लावून न बघणारे गाव’ अशीच त्याची ओळख झाली.

अमेरिकेत अॅलन ब्रेस्लाऊ हे 1963 च्या विमान अपघातात भयंकर भाजले. त्यांनी 1977 मध्ये ‘फिनिक्स सोसायटी’ काढली. भाजून सावरलेली माणसे रीतसर शिकून रुग्णालयात नव्या रुग्णांना भेटतात आणि त्यांची मोठी संमेलनेही भरतात. आपल्या देशात आग्र्याला 2014 पासून ‘शीरोज हँगआउट’ हे उपाहारगृह अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या मुली चालवतात. चेहरा न झाकता गिऱ्हाइकांपुढे उभ्या राहतात.

श्रीगुरूंनी तरी दुसरे काय केले? पांढऱ्या कुष्ठाने गांजलेला नंदी नावाचा ब्राह्मण गाणगापुरी आला. संगमस्नानाने रोग गेला, पण संशयामुळे थोडासा डाग राहिला. तेव्हा गुरूंनी त्याला कवित्व करायला लावले, डाग अंगावर असतानाच सेवा दिली. आधी पूर्ण बरा हो, मग पुढे ये, असे म्हटले नाही.

तर मग आपण काय करावे? चार गोष्टी सांगतो.

पहिली, ‘कसं झालं?’ हे विचारू नये. बाईमाणसाच्या बाबतीत तर त्या प्रश्नाला चौकशीचा वास येतो. ‘या, बसा, चहा घेणार का?’ इतके पुरे आहे.

दुसरी, प्रारब्धाचा सिद्धांत स्वतःच्या दुःखाला लावावा, त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की तो निष्ठुरपणा होतो.

तिसरी, मंदिरात भाजलेले माणूस आले तर त्याला कोपऱ्यातली खुर्ची देऊन मोकळे होऊ नये. काम द्यावे. फुले निवडायला, प्रसाद वाटायला, आरतीचे तबक धरायला सांगावे. बोटे वाकडी असली तरी तबक धरता येते. टेकडीवर यायचे तर सकाळी उन्हाआधी सोबत जावे.

चौथी आणि महत्त्वाची. आपल्यात कुणी स्वतः भाजून सावरलेले असेल, तर कृपा करून त्यांनी लपून राहू नये. डॉक्टरांना विचारून एखाद्या नव्या रुग्णाला भेटावे. औषध सुचवू नये, उपदेश करू नये. नुसते जवळ बसावे, तो बोलेल ते ऐकावे. तुमचा हात बघूनच त्याला कळते की ही रात्र सरते. हे आम्ही धडधाकट माणसांनी कितीही सांगितले तरी त्याला पटत नाही, कारण आमच्या हातावर त्याची सही नसते.

अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत अग्नीही आहे. म्हणून होरपळलेल्या माणसाला ‘अग्नी तुझा गुरू’ असे कुणी सांगायला जाऊ नये. ते त्याचे त्याला उमगले तर उमगेल. मी एवढेच म्हणतो की त्या आगीतून चालून आलेले माणूस दुसऱ्या भाजलेल्यासाठी औदुंबर होते. औदुंबराची फळे उंच शेंड्यावर नसतात, खोडालाच लगडतात, हात पोहोचेल तिथे. तसा हा गुरू मठात उंच बसलेला नसतो, बाकड्यावर शेजारी असतो.

यंदाच्या जयंतीला प्रदक्षिणा घालताना आपल्या आळीतले, कारखान्यातले, नात्यातले असे एखादे बंद दार आठवा. प्रसाद घेऊन त्या दारी जा आणि तिथे थोडा वेळ बसा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!