भांडं भिजत घातलंय

बेक्ड पास्त्याचं कौतुक नेमकं कधी होतं, हे मी मिनिटाच्या हिशेबात सांगू शकतो. ओटीजीचं दार उघडल्यानंतरच्या पहिल्या दीड मिनिटात. वरचं चीज अजून बुडबुडत असतं, कडा तांबूस झालेल्या असतात आणि पहिला चमचा उचलला की चीजची तार निघते. या दीड मिनिटात आमच्या घरात बाबा फोन काढतात, बहीण "थांबा, कोणी हात लावू नका" असं ओरडते आणि आजी "हे एवढं चीज पोटाला बाधत नाही का रे?" असं विचारून ताट पुढे करते.

आमच्याकडे नॉनव्हेजचे वार ठरलेले आहेत. बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी मटण, शुक्रवारी बहुतेकदा मासे आणि बुधवारी सोपं काहीतरी, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामं असतात. हे 'सोपं काहीतरी' मागच्या वर्षी मी माझ्याकडे घेतलं. म्हणजे घेतलं असं मला वाटत होतं.

पदार्थ तसा खरंच सोपा आहे. अर्धा किलो चिकन खिमा. कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, घरचं तिखट आणि शेवटी चिमूटभर गरम मसाला घालून कोरडाच परतायचा. पास्ता पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं आधी उतरवायचा, कारण उरलेला तो ओव्हनमध्ये शिजतो. लोणी, मैदा आणि दूध यांचा पांढरा सॉस. सगळं काचेच्या भांड्यात एकत्र, वर भरपूर किसलेलं चीज आणि २०० डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटं. इटलीत लझान्यासारखे ओव्हनमधले पास्ते हे रविवारचं, सणावारचं जेवण. खिम्याचा सॉस तासन्‌तास शिजतो. आपण तो अर्ध्या तासात उरकतो आणि बुधवारी खातो. बोलोन्याच्या कुणी आजीबाईंनी बघितलं तर त्या मला घरात घेणार नाहीत, पण पुण्यात चालून जातं.

तर त्या पहिल्या बुधवारी बाबांनी फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. साडेनऊपर्यंत बावीस अंगठे आणि सात बदाम आले. आत्याने लिहिलं, "होणारी सून नशीबवान आहे हो!" मी दोनदा वाढून घेतलं, भांड्यात गरम पाणी आणि लिक्विड सोप ओतलं, "भांडं भिजत घातलंय" असं जाहीर केलं आणि अमेरिकेतल्या टीमचा कॉल घ्यायला खोलीत गेलो.

साडेअकराला पाणी प्यायला बाहेर आलो, तर स्वयंपाकघरात दिवा चालू होता. आई ते काचेचं भांडं घासत होती. कडेला जळून चिकटलेलं चीज लाकडी उलथन्याने खरवडत होती. तिची शाळा सकाळची असते, साडेसहाला ती घर सोडते.

"अगं राहू दे ना. मी सकाळी घासणार होतो."

"सकाळी तू नऊला उठतोस," आई म्हणाली. किती वाजले हे सांगावं, त्या सुरात.

"मग मावशी घासतील."

"तुझं जळकं चीज मावशींनी का खरवडायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारी किसणी पडली होती आणि तिच्या भोकाभोकांत चीज वाळलं होतं. पास्त्याचं पातेलं, चाळणी, खिम्याची कढई, सॉसचं छोटं पातेलं, किसणी, काचेचं भांडं. मी बुधवारी एक पदार्थ केला होता आणि मागे सहा भांडी ठेवली होती. वर ओट्यावर मैदा.

एक गोष्ट माझ्या बाजूने सांगायला हवी. भिजत घालणं ही पळवाट नाही, पद्धत म्हणून ती बरोबरच आहे. चीजमधली प्रथिनं तापून काचेला घट्ट बसतात, कोमट पाण्यात मुरली की सैल होतात. पण त्याला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास पुरतो. मी ते रात्रभरासाठी भिजत घातलं होतं. आणि खरं सांगायचं तर कायमचंच.

*

आम्ही ज्या पद्धतीने सॉफ्टवेअर लिहितो, त्यात 'डेफिनिशन ऑफ डन' नावाची एक चीज असते. काम 'झालं' कधी म्हणायचं, हे टीमने आधीच ठरवून ठेवायचं. कोड लिहून झाला म्हणजे काम झालं नाही. टेस्ट हव्यात, दुसऱ्याने तपासायला हवं, मागचा पसारा आवरायला हवा. नव्याने लागलेला पोरगा "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणतो, तेव्हा आम्ही सगळे हसतो. मी गेली पाच वर्षं त्याला हसतोय. आणि घरी माझी स्वतःची व्याख्या होती : फोटो निघाला की पास्ता झाला.

आईची व्याख्या वेगळी आहे. तिच्या लेखी स्वयंपाक संपतो ओटा पुसल्यावर. आणि सुरू होतो तो कांदा चिरण्याच्या कितीतरी आधी, दूध दोनच पिशव्या उरलंय हे लक्षात येतं तेव्हा. मी त्या पास्त्यात अर्धा लिटर दूध घातलं होतं. सकाळच्या चहाचं दूध ते. आई रात्री आठला खाली जाऊन दुसरी पिशवी घेऊन आली होती, हे मला नंतर कळलं.

पण प्रश्न फक्त आळसाचा असता, तर मी भांडी घासायला लागलो असतो आणि लेख इथेच संपला असता. मला खटकत राहिलं ते कौतुक. आई रोज साधारण वीस पोळ्या लाटते. त्यांचा फोटो कोणी काढत नाही, हे ठीक आहे, पोळीची तार निघत नाही. पण "बाबा नशीबवान आहेत" असंही आजवर आत्या कधी म्हणालेली नाही. का?

जे. ओ. अर्म्सन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाचा १९५८ सालचा एक निबंध आहे, संत आणि वीर यांच्याविषयी. त्याचा मुद्दा थोडक्यात असा : नीतिशास्त्र कृतींची वाटणी तीन खणांत करतं. जे करायलाच हवं, जे केलं तरी चालतं नि नाही केलं तरी चालतं, आणि जे करूच नये. यात काही कृती बसतच नाहीत. सोबत्यांना वाचवण्यासाठी जिवंत ग्रेनेडवर झोकून देणारा सैनिक घ्या. त्याने तसं केलं नसतं, तर त्याला कोणी दोष दिला नसता. केलं, म्हणून तो वीर. कर्तव्याच्या पलीकडच्या अशा कृतींसाठी वेगळा खण लागतो.

आता मला सांगा, माझा पास्ता कुठल्या खणात गेला? सरळ वीरांच्या. आणि आईच्या पोळ्या? 'करायलाच हवं'च्या. पदार्थात फरक नाही, म्हणजे असलाच तर उलटा आहे. पोळी जास्त अवघड आहे, माझी अजून फुगत नाही. फरक करणाऱ्यात आहे. मी बुधवारी पास्ता केला नसता, तर कोणी मला विचारलं नसतं. आईने पोळ्या केल्या नसत्या, तर आधी तब्येतीची चौकशी झाली असती आणि मग कारणाची. म्हणजे टाळ्या पास्त्याला नव्हत्याच. तो न करण्याची मला जी मुभा आहे, तिला होत्या.

हे एकदा दिसल्यावर भिजत घातलेल्या भांड्याचाही उलगडा झाला. ज्याला न करण्याची मुभा असते, त्याला अर्ध्यावर थांबण्याचीही असते. जिथे मजा संपते, तिथे मी उठून जाऊ शकतो, कारण मागे कोणीतरी आहे जिला उठता येत नाही. माझा वीरपणा तिच्या न उठण्यावर उभा आहे.

तुम्ही म्हणाल, एका भांड्यावरून फार झालं. पण हे एका घरापुरतं नाही. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं आली. पुरुषांची ९७. यातली गंमत अशी की ती सरासरी, ज्यांनी त्या दिवशी असं काही काम केलं, त्यांचीच आहे. असं काम करणारे पुरुष शंभरात साधारण २६ होते. बाकीचे ७४ हिशेबातच नाहीत. मी बुधवारी त्या २६ जणांत असतो. गुरुवारी नसतो.

*

दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की यापुढे बुधवार माझा. अख्खा. सामान बघण्यापासून ओटा पुसेपर्यंत. तू आत यायचं नाहीस.

आईला ते फारसं आवडलं नाही. "घरात काय हिशेब मांडायचे?" ती म्हणाली. हे वाक्य तुमच्याही घरात कोणीतरी म्हणत असेल. मी त्यावर बराच विचार केला, कारण त्यात तथ्य आहे. मायेच्या माणसांत हिशेब लागायला लागले की काहीतरी बिघडतं. पण हे वाक्य कोण म्हणतं, याने फार फरक पडतो. ज्याचं येणं आहे त्याने "हिशेब नको" म्हटलं, तर तो त्याचा मोठेपणा. ज्याचं देणं आहे त्याने तेच म्हटलं, तर ती सोय. आईला ते म्हणायचा हक्क होता. तिचं ऐकून गप्प बसायचा हक्क मला नव्हता.

बाबांचा आक्षेप वेगळा होता. "मग काय, कौतुक करायचंच नाही? अशाने पोरं काही करणारच नाहीत." हाही मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. ऑफिसात नवीन माणसाच्या पहिल्या छोट्याशा कामाला आम्ही सगळे शाबासकी देतो, आणि त्याने माणूस टिकतो. पण सहाव्या महिन्यात त्याच कामासाठी तो टाळ्यांची वाट बघत बसला, तर त्याला बाजूला घेऊन बोलावं लागतं. मी अठ्ठावीस वर्षं त्या घरात राहतोय. माझा प्रोबेशन पिरियड जरा लांबलाच होता.

पहिले दोन बुधवार फोटो निघाले. तिसऱ्याला बाबा विसरले. पाचव्या बुधवारी बहीण म्हणाली, "परत पास्ता?" मला राग आला. इतकी मेहनत आणि हे? मग आठवलं की "परत भेंडी?" हे मी गेली वीस वर्षं म्हणत आलोय. श्रावणात खिम्याऐवजी मका आणि सिमला मिरची आली आणि आजीने ताट निम्म्यात सारलं. चीज किती उरलंय, दुधाची पिशवी जास्तीची सांगितली का, खिमा सकाळीच फ्रिजरमधून खाली काढला का, हे मंगळवारपासून डोक्यात घोळायला लागलं. मीटिंगमध्ये, जिन्यात, आंघोळ करताना. स्वयंपाकात वेळ जातो हे मला माहीत होतं. तो डोक्यात जागा अडवून बसतो, हे माहीत नव्हतं. आईच्या डोक्यात ती जागा आठवड्याचे सातही दिवस अडलेली होती. आता सहा दिवस असते. फार मोठा बदल नाही, हे मला कळतं.

नवव्या बुधवारी ऑफिसात रिलीज अडकली. मी घरी पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. दार उघडलं, तर सगळे हॉलमध्ये बसलेले. बाबा टीव्ही बघत होते, बहीण चिवड्याचा डबा घेऊन बसली होती, आई वह्या तपासत होती. स्वयंपाकघरात अंधार. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की, निदान वरणभाताचा कुकर तरी लावायचा होता कोणीतरी!

'कोणीतरी' म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. बॅग ठेवली, हात धुतले. खिमा मी सकाळी करून ठेवला होता, तेवढं नशीब. पास्ता उकळेपर्यंत सॉस केला. दहाला पाच कमी असताना ताटं वाढली. आजी म्हणाली, मीठ कमी आहे. होतंच कमी. फोटो कोणी काढला नाही.

जेवणं झाल्यावर मी भांड्यात गरम पाणी घातलं आणि मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर लावला. तेवढ्यात बाकीची पाच भांडी घासली. किसणीला जुना टूथब्रश लागतो, हे तोवर शिकलो होतो. मग काचेच्या भांड्याच्या कडा खरवडल्या आणि ओटा पुसला.

आई पाणी प्यायला आत आली. ओट्याकडे बघितलंही नाही. पेला विसळून पालथा घातला आणि जाता जाता म्हणाली, "पुढच्या बुधवारी मटणाचा खिमा आण. चिकनचा पांचट लागतो."

मी फोनमध्ये सामानाच्या यादीत लिहून ठेवलं. मटण खिमा, अर्धा किलो. दूध, एक पिशवी जास्त.