मतदान ऑप्शनला टाकणाऱ्यांनो

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, आज कौतुक नाही. आज ऐकून घ्यायचं.

"बाई, इथल्या राजकारणात काही राम नाही, आम्ही मत द्यायला जातच नाही," हे तुमच्यापैकी किती जणांच्या तोंडून ऐकलं! तेही खालच्या मानेनं नाही, चक्क मिरवत. शाळेत गुण कमी म्हणून नागरिकशास्त्र ऑप्शनला टाकायचात. तेव्हा नुकसान तुमचं होतं. आता मतदान ऑप्शनला टाकता, आणि त्याची किंमत भलतेच लोक मोजतात.

नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी शंभर प्रश्न घोकलेत ना? त्यात एक प्रश्न होता: फक्त अमेरिकी नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा. मतदान, असं तुम्ही घडाघडा सांगितलंत, पास झालात, हात वर करून शपथ घेतलीत, ध्वजासोबत फोटो काढलेत. मग ते उत्तर गेलं कुठं? पेपर संपला की पाठांतर संपलं, ही सवय दहावीतच मोडायला हवी होती.

"आमच्या एका मतानं काय होतंय?" म्हणता. २००० साली फ्लोरिडात सुमारे साठ लाख मतं पडली आणि बुश यांची आघाडी राहिली ५३७ मतांची. त्या राज्यावर देशाचं अध्यक्षपद ठरलं. दुसरं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेच्या एका जागेसाठी दोन्ही उमेदवारांना बरोबर ११,६०८ मतं मिळाली. पुढच्या जानेवारीत फिल्मच्या दोन डब्यांत दोघांची नावं घातली, डब्या चिनी मातीच्या भांड्यात टाकल्या आणि त्यातली एक उचलली. ज्याचं नाव निघालं तो आमदार झाला, आणि त्या एका जागेनं सभागृहातलं बहुमत ५१ विरुद्ध ४९ असं राहिलं. त्या मतदारसंघात कंटाळा करून घरी बसलेल्या प्रत्येकाला विचारा, एका मतानं काय होतं ते.

आता आमच्याकडून पाहा. अमेरिकेचा अध्यक्ष निवडला जातो तेव्हा इकडे आम्ही सकाळपासून टीव्हीसमोर असतो. हौस म्हणून नाही. त्या निकालाची झळ आम्हाला बसते आणि त्यात आमचा शब्द चालत नाही. २००३ च्या फेब्रुवारीत, बुश इराकवर करू पाहत असलेल्या हल्ल्याविरुद्ध, लंडन, रोम, माद्रिदच्या रस्त्यांवर लाखो माणसं उतरली. त्यांना फ्लोरिडात मत नव्हतं. ज्यांना होतं, त्यांतले लाखो मतदानाच्या दिवशी घरी होते. बुश यांच्याविरुद्ध उभे असलेले गोर निवडून आले असते तर काय घडलं असतं, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. पण ठरवायचा हक्क ज्यांना होता त्यांतल्या लाखोंनी तो वापरलाच नाही, एवढं नक्की.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत बऱ्याचशा भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क बसलं. तिरुप्पूरचे कपडे, सुरतचे हिरे, आंध्रची कोळंबी, सगळ्यावर. कोळंबी सोलून रोजी मिळवणाऱ्या बाईला तुमच्या निवडणुकीत कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं. आणि २०२४ मध्ये मतदानाचा हक्क असलेल्या शंभरातले साधारण ३६ जण गेलेच नाहीत. कुणाला मत द्या हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण जग तुमच्या अध्यक्षांवर तोंडसुख घेतं, तेव्हा मला राग येतो तो या ३६ जणांचा.

हा हक्क कुणी मिळवून दिला, ठाऊक आहे? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि नागरिकत्व मिळू लागलं, पण नवा प्रवेश वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना. ७ मार्च १९६५ ला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या नागरिकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोर्चाच्या पुढे चालणाऱ्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. त्याच ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, आणि ऑक्टोबरमध्ये तो स्थलांतराचा कायदा, ज्यानं तुमच्यासाठी दार उघडलं. समान हक्कांसाठी पेटलेल्या त्याच चळवळीच्या रेट्यानं दोन्ही झाले. दुसऱ्याच्या फुटलेल्या डोक्यावर तुमचं नागरिकत्व उभं आहे, आणि तुम्हाला मतपत्रिकेचा कंटाळा येतो!

सबबी मला सांगू नका. मतदान मंगळवारी असतं, हा १८४५ चा कायदा आहे, आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते, मान्य. तासावर पोट असणाऱ्या मजुराला रजा मिळत नाही, त्याला मी काही बोलणार नाही. तुम्ही मात्र घरून काम करता. कॅलिफोर्नियात, वॉशिंग्टन राज्यात मतपत्रिका टपालानं घरी येते. ती स्वयंपाकघरात पिझ्झाच्या कुपनांखाली पडून राहते. खुणा करायच्या, पाकिटावर सही करायची आणि पेटीत टाकायची, एवढंच काम. तेही होत नाही?

"आमच्या राज्याचा निकाल ठरलेलाच असतो," ही दुसरी सबब. अध्यक्षाचा ठरलेला असेल. शाळेच्या मंडळाचा, काउंटीचा, कित्येक राज्यांत न्यायाधीशाचा नसतो. जिथं एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथं खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत होते, आणि तिथं फारच थोडे फिरकतात. अध्यक्ष निवडायचा नसतो त्या वर्षी तर आणखी शुकशुकाट: २०१४ च्या मध्यावधी निवडणुकीत शंभरातल्या जेमतेम ३७ जणांनी मत दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो नीचांक. मुलाच्या शाळेबद्दल तक्रारी तासभर सांगता, पण शाळेचं मंडळ कोण निवडतं हे तुम्हाला सांगता येत नाही.

आणि भारतातल्या निवडणुकांवर मला फोनवरून व्याख्यानं देणं बंद करा. इथं तुम्हाला मत नाही. जिथं आहे, तिथला हक्क आधी बजावा.

आजच मतदारयादीत आपलं नाव आहे का ते बघा. नसेल तर नोंदवा. पुढची निवडणूक कधी आहे, मतपत्रिकेवर कोण कोण आहे, प्रत्येकानं काय केलंय, हे वाचून काढा. आवडता उमेदवार नसेल तर त्यातल्या त्यात बरा निवडा, पण निवडा. पुढच्या खेपेला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न मी हाच विचारणार आहे, आणि "राहून गेलं" हे उत्तर चालणार नाही.